अंबाजीचा पहिला कॉम्प्युटर

अफझलगंजमधल्या अंबाजीच्या दुकानाच्या पाटीवर अक्षरं कमी आणि चित्रं मोठी होती: एक कूलर, एक अॅम्प्लिफायर. वीस वर्षं त्या दोन चित्रांवर घर चाललं. मग पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं दिलसुखनगरच्या क्लासला कॉम्प्युटर दुरुस्ती शिकायला नाव घातलं. नुकती मिसरूड फुटलेली पोरं त्याला ‘कूलर अंकल’ म्हणत. अंबाजी हसायचा आणि पहिल्या बाकावर जाऊन बसायचा.

सर्टिफिकेट दुकानात लागलं, पण तीन महिन्यांत एक कॉम्प्युटर आला असेल तर शपथ.

“हार घालायचाच बाकी राहिलाय त्याला,” त्याची बायको भाग्यलक्ष्मी म्हणाली. “दिवाळीपर्यंत बघते. नाही तर तो खिळा मला द्या, कॅलेंडर लावते.”

दसरा झाला नि गौलीगुड्याहून इंदुताईंचा निरोप आला. इंदुताई निवृत्त शिक्षिका, त्याचं कूलरचं जुनं गिऱ्हाईक. मराठी मंडळाचा दिवाळी अंक त्या घरीच टाइप करत. कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी तापून बंद पडत होता. विकणारा म्हणत होता, प्रोसेसर गेला, नवा मागवावा लागेल, महिना जाईल.

अंबाजीनं पिशवी सायकलला अडकवली. हे काम बिघडलं, तर कूलरवाल्यानं कूलरच करावेत, असं सगळं गौलीगुडा म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं.

मशीन चालू करून त्यानं डब्याला कान लावला.

“अहो, डोळ्यांनी बघा ना,” इंदुताई म्हणाल्या.

“ताई, कूलर असो की हे, आतला पंखा बोलला पाहिजे. हा मुका झालाय.”

त्यानं प्लग काढला, झाकण उघडलं आणि बघतच राहिला. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याला हळद, कुंकू, अक्षता. आणि मधल्या दांडीला कापसाचं वस्त्र गरगर गुंडाळून घट्ट बसलेलं.

“ताई, खंडेनवमीला पूजा केली होती?”

“हौ. केली ना.” इंदुताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “विकायला आलेल्या मुलानं दाखवलं होतं, मेंदू इथं असतो म्हणून. मग बाहेरच्या पत्र्याला काय हळद लावायची? चार स्क्रू काढले, आत लावली.”

“वस्त्रपण?”

“मग काय अर्धी पूजा करू?”

अंबाजीनं हसू गालात दाबलं. चिमट्यानं एकेक धागा सोडवला, ब्रशनं हळद झाडली. बोट लावताच पंखा फिरला. पंख्याखालची पत्र्याच्या पात्यांची जाळी उचलली, तर तिच्या नि प्रोसेसरच्या मधला उष्णता ओढणारा लेप वाळून भुगा झालेला. तसाच पांढरा लेप अॅम्प्लिफायरच्या कामाचा त्याच्या पिशवीत कायम असे. कपाळाला विभूती लावावी इतका पातळ त्यानं तो पसरला. जाळी पुन्हा बसवताना मात्र त्यानं फक्त दोन बोटांनी दाबलं. कूलरच्या पत्र्याला गुडघा लावून दाबायची त्याची सवय. इथं जोर जास्त झाला तर सगळंच तडकणार. कट् असा आवाज झाला. दोघंही डब्यावर वाकले. काही नाही, खिट्टी बसली होती.

मशीन चालू झालं. पंखा हलक्या आवाजात गुणगुणू लागला.

“टाइप करा, ताई.”

“काय करू?”

“काहीपण. थांबू मात्र नक्को.”

दहा मिनिटं झाली. इंदुताईंची बोटं अडखळली. अंबाजीनं “चालू द्या” म्हणून हात हलवला. अर्धा तास झाला, तास झाला. चहा करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी प्रिंटर करकरला आणि इंदुताईंनी कागद त्याच्या हातात ठेवला. प्रगतिपुस्तकावर असतो तसा शेरा होता: ‘अंबाजी. विषय कॉम्प्युटर. प्रगती उत्तम. कान विशेष चांगला.’ खाली त्यांची शिक्षिकेची लफ्फेदार सही.

तो कागद दुकानात सर्टिफिकेटशेजारी लागला. त्या खिळ्यासाठी आणून ठेवलेलं कॅलेंडर भाग्यलक्ष्मीनं परत घरी नेलं. दिवाळीच्या आत पेंटर आला, पाटीवर कॉम्प्युटर काढू लागला.

“पंखापण काढ,” अंबाजी खालून म्हणाला.

“कॉम्प्युटरला पंखा असतो?”

“असतो,” अंबाजी म्हणाला, “आणि त्याची पूजा लांबून करायची असते.”