मागून येणारा आवाज

अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘व्हिडिओ कन्व्हर्ट केला’च्या कथा लोककथांसारख्याच साचत जातात; गावागणिक पाठभेद. क्युपर्टिनोच्या पाठात चित्र दिसते, आवाज येत नाही. अर्विंगच्या पाठात आवाज येतो, पण वधूवर उलटे लटकलेले असतात! ईडन प्रेरीचा पाठ वेगळा, कारण त्याचा नायक एकच: मूळ नागपूरचा अविनाश. जुन्या कॅसेटी, डीव्हीड्या टॅबलेटवर चालतील अशा करून देणे हा त्याचा छंद. पुढचे किस्से मी त्याच्याच घरी बसून टिपले.

*

मोबदला म्हणून लोक डबाभर खाऊ आणतात. रिकामा डबा परत करायचा नाही, म्हणून अविनाश त्यात पेनड्राइव्ह आणि चार लाडू घालतो. डबा गेला, की मूळ फाइल डिलीट.

“काका, डबा गेला म्हणजे केस क्लोज!” तो मला म्हणाला.

“आणि लाडू मी वळायचे!” इति त्याची पत्नी ऋचा.

*

फाइल तपासताना तो फक्त पहिले मिनिट पाहतो. एका लग्नाच्या फिल्मचा आरंभ गणपतीच्या चित्राने आणि सनईने होता. सगळे ओके! घरी पाहतात तर तीन तास गणपतीच. चित्र गोठलेले, मंगलाष्टके, उखाणे मात्र चालू. त्या घरच्या आजी शेवटपर्यंत हात जोडून बसल्या. “फार सात्त्विक झालं हो लग्न!”

*

एकदा बारशातली सगळी माणसे पडद्यावर आडवी ताणली गेली. अविनाशच्या मुलीने विचारले, “डॅड, व्हाय इज एव्हरीवन सो वाइड?”

त्याने प्रमाण सुधारले. फिल्मवाल्या काकू नवऱ्याकडे वळल्या. “बघा! तेव्हाही स्क्रीनचाच दोष होता!”

*

मालतीमावशी मुलीकडे सहा महिने राहून दुसऱ्या दिवशी पुण्याला परतणार होत्या. लेकीच्या पाचव्या वाढदिवसाची कॅसेट त्यांनी अविनाशला दिली होती. ती एकदाच चालली आणि तुटली. पण तेवढ्यात फाइल झाली होती. मावशी ती न्यायला आल्या. चित्र लख्ख, सोबत मंद सनई. त्यांनी शेवटपर्यंत पाहिले.

“आणि हे कुठे आहेत?”

“मावशी, काका तर फ्रेममध्ये नाहीतच.”

“कसे असतील? कॅमेरा त्यांच्याच हातात होता. मागून बोलतात ना ते.”

अविनाशचा चेहरा उतरला. “मागून कोणीतरी सारखं बोलत होतं. डिस्टर्बन्स वाटला, म्हणून तो आवाज काढून मी सनई टाकली.”

“ते जाऊन दोन वर्षं झाली रे,” मावशी म्हणाल्या. “त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.”

मग स्वयंपाकघरातून ऋचा म्हणाली, “अरे, मावशींचा डबा अजून इथेच आहे! माझे लाडू कुठे झालेत?”

अविनाश धावतच कॉम्प्युटरकडे गेला. मूळ फाइल जागेवर होती. अर्ध्या तासाने त्याने टॅबलेट मावशींसमोर उभा केला. पडद्यावर केकच्या मागे तरुण मालतीमावशी उभ्या होत्या.

मागून आवाज आला, “मालू, जरा डावीकडे सरक. उजेड अडतोय.”

खुर्चीतल्या मावशी डावीकडे सरकल्या.