हाप क्लच

तीन आठवडे आमच्या गल्लीत माझ्या डाव्या पायाची चर्चा चालू होती. पायाला काही झालेलं नव्हतं. झालं होतं गाडीच्या क्लचला, आणि तो माझ्या पायानं जाळला असं ठरलं होतं.

गाडी माझी. बारामतीजवळच्या शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि राहायला वालचंदनगरच्या अलीकडच्या एका गावात आहे. पंधरा वर्षं दोन एसट्या बदलून गेले, तेव्हा कुठं ही जुनी गाडी घेतली, शिकले आणि चालवायला लागले. एके दिवशी सकाळी कालव्याच्या पुलाच्या चढावर इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागं उसाचा रिकामा ट्रॅक्टर. त्यानंच ओढून मला घरी आणून सोडलं. सगळ्या गावातून.

निदान झालं ते बाजेवर बसून. सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, उभी हयात ट्रॅक्टर चालवला. त्यांना बॉनेट उघडायचीही गरज पडली नाही. "हाप क्लचवर चालवतीया. पाय उचलायची सवयच न्हाय," एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. हाप क्लच म्हणजे पेडलवर पाय अर्धवट ठेवून गाडी चालवणं, त्यानं क्लचची प्लेट झिजते. हे खरं आहे. पण मी पाय ठेवत नव्हते. असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला येणारा मला क्लच समजावून सांगायला लागला. त्याच्याकडं सायकल आहे. जाऊबाई हसत हसत म्हणाल्या, तुमचा पाय जडच हो. गल्लीतल्या बायकांनी माझं नावच हाप क्लच ठेवलं. तात्यांनी जाहीर केलं की नवा क्लच बसला की गाडी पोराच्या ताब्यात राहील आणि सूनबाई एसटीनं जातील. पोरगा म्हणजे माझे मिस्टर. ते 'हं' म्हणाले. लग्न झाल्यापासून वडिलांपुढं ते एवढंच म्हणतात.

मी पुन्हा एसटीत उभी राहायला लागले. खरं सांगते, राग गेला आणि शंका आली, ते जास्त वाईट होतं. उभ्या उभ्या मी आठवत बसायचे, पाय खाली ठेवत होते का पेडलवर? इतकी वर्षं पोरांना सांगतेय, आधी निरीक्षण करा मग निष्कर्ष काढा. आणि इथं निष्कर्ष ऐकून ऐकून माझं निरीक्षणच बदलायला लागलं होतं.

क्लच घरीच बसवायचा, हे मिस्टरांनी ठरवलं. ते साखर कारखान्यात फिटर. मोठमोठे रोलर उतरवणाऱ्या माणसानं ही डबडी गॅरेजला न्यायची म्हणजे अब्रूचा प्रश्न. मोटारीचा गिअरबॉक्स त्यांनी जन्मात उतरवला नव्हता, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. उसाचं गाळप संपल्यानं त्यांना सवड होती. रविवारी सकाळी लिंबाखाली गाडी घेतली, पुढची चाकं काढली, खाली ठोकळे लावले. इंजिन खाली येऊ नये म्हणून बॉनेटच्या जागी बाभळीचा वासा आडवा टाकून साखळीनं ते टांगलं. मदतीला मी. पायाचा गुन्हा असला तरी हात चालत होते.

माझं काम मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत पुढचं सांगायचं आणि नटबोल्ट सांभाळायचे. मी इडलीपात्र आणलं. प्रत्येक खळग्याशेजारी खडूनं आकडा, कुठला बोल्ट कुठला ते वहीत. मिस्टर म्हणाले, कारखान्यात असलं काही लागत नाही. दुपारपर्यंत तेच विचारायला लागले, "सातमध्ये काय हाय गं?"

दोघांनी मिळून गिअरबॉक्स जॅकवर खाली घेतला. जेवणं राहिली होती. प्रेशर प्लेटचे बोल्ट सुटले आणि मधली प्लेट, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं ती, त्यांच्या हातात आली. त्यांनी ती बघितली आणि खाली फडक्यावर ठेवली.

मी उचलली. हाप क्लचनं प्लेट झिजते, तापते, आतल्या रिबिटांच्या खिळ्यांपर्यंत घासून पातळ होते. ही चांगली जाड होती. आणि तेलानं बरबटलेली. तेलकट प्लेट घसरणार नाही तर काय करणार? घर्षण म्हणजे माझा आठवीचा धडा.

मिस्टर म्हणाले, इंजिनचं तेल अडवणारं सील गळत असेल. मी बोट घालून बघितलं, सील कोरडं. मग म्हणाले, गिअरचं तेल असेल. मी प्लेट नाकाशी नेली. कारखान्याचे त्यांचे कपडे एकोणीस वर्षं मी भिजत घालतेय. हा वास मला झोपेतही कळेल.

"हे तेल तुमचं आहे," मी म्हणाले.

त्यांनी पान्याकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. संक्रांतीच्या आसपास पेडल दाबलं की कुईकुई आवाज यायचा, मीच सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी गाडीखाली जाऊन क्लचच्या खोक्यावरचं एक रबर वर केलं आणि कारखान्याची तेलाची पिचकारी आत मोकळी केली. त्यांच्या धंद्यात जे कुरकुरतं त्याला तेल द्यायचं, विषय संपला. आवाज थांबला म्हणून त्यांनाही बरं वाटलं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हतं, शंका होती, असं म्हणाले. तात्या एवढं ठामपणे बोलले की तीही राहिली नाही. आणि मग अगदी खालच्या आवाजात, "तात्यास्नी सांगू नको."

मला असा संताप आला की इडलीपात्र उधळून द्यावं. पण त्यातले नटबोल्ट मीच ओळीनं लावून ठेवले होते. मी म्हणाले, "मी नाहीच सांगणार. तुम्ही सांगायचं." आणि पेट्रोलच्या बोळ्यानं फ्लायव्हील, प्लेट जिला टेकते ती इंजिनाची चकती, पुसायला घेतलं.

पुढं दोघं कामापुरतं बोललो. नवी प्लेट मधोमध बसावी म्हणून त्यांनी झाडूच्या दांड्याची गुल्ली करून तिला चिकटपट्टी गुंडाळली होती, ती मात्र झकास बसली. बोल्ट आवळायच्या आधी त्यांचा हात आपोआप मागं गेला आणि तेलाची पिचकारी घेऊन आला. कोरा पार्ट कोरडा कसा बसवायचा? मी ती हातातून काढून घेतली आणि कोंबडीच्या खुराड्यावर ठेवली. ते लाजले.

उन्हं उतरता उतरता गाडी चालू झाली. पहिला गिअर पडला, गाडी मऊ सुटली. गल्ली जमली. घरच्या घरी क्लच, फिटर माणूस तो फिटर माणूस, सगळे वाखाणायला लागले. दूधवाल्यानं बॉनेटवर थाप मारली. तात्या बाजेवरून उठून आले, पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता चावी तुझ्याकडंच ठिव."

मिस्टर 'हं' म्हणणार, मला खात्री होती. त्यांनी काळ्या हातांनी तोंड पुसलं, ते आणखी काळं झालं.

"तात्या, क्लच तिनं जाळला न्हाय. मी तेल सोडलं व्हतं आत. चूक माझी हाय."

जाऊबाईंनी पदर सारखा केला. तात्यांनी नव्या क्लचच्या गाडीकडं बघितलं.

"मग ही इतकं दिस येष्टीनं का गेली?" त्यांनी विचारलं. अगदी खरं आश्चर्य वाटून.

चावी मिस्टरांनी माझ्या हातात दिली. मी घरात जाऊन आधी भाताला आधण ठेवलं, कारण सगळ्यांना भूक लागली होती.

सोमवारी मी गाडीनं शाळेला गेले. मोकळा रस्ता, चौथा गिअर, कुणाचं काही म्हणणं नाही. बारामती येईपर्यंत सहा-सात वेळा मी मान वाकवून खाली बघितलं, डावा पाय कुठं आहे ते. प्रत्येक वेळी तो खालीच होता. तरी आज वर्ष झालं, मी बघतेच.