ग्रॅनाडाच्या बागेत धरलेलं दारं

सोनईच्या मैत्रिणींनो, हे माझ्या वडिलांना, अण्णांनाही वाचून दाखवा.

इंग्लंडमधल्या आमच्या कॉलेजची सहल आज स्पेनमध्ये ग्रॅनाडाचा राजवाडा बघत होती. निघताना अण्णांनी बजावलं होतं, "म्हाल कुनीबी बघंल. तू पानी कसं देत्यात ते बघ."

राजवाड्याच्या डोंगरावरच्या बागेत शेकडो वर्षांपूर्वीचा पाट अजून वाहतो. मी बघतच राहिले. एक म्हातारा फावड्याने दारं, म्हणजे पाटाच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध, मोडून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडत होता, अगदी अण्णांसारखं. मी फावडं मागून पुढचं दारं धरलं, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. साडी भिजली.

घाई करणाऱ्या गाईडबाईही थांबल्या. "तो विचारतोय, कुणी शिकवलं?"

बी.ए. झाल्यापासून मला शेतातलं हे काम येतं, हे मी लपवत होते. आज सगळ्यांसमोर अण्णांचं नाव सांगितलं. तुम्ही सांगता का गं, शेतातलं काम कुणाकडून शिकलात ते?