सुकडी अंगावर उठली

दुष्काळाच्या त्या वर्षी माढ्याकडचं घर बंद करून आम्ही सोलापुरात एका खोलीत राहत होतो. नवरा गिरणीत लागला होता. चार वर्षांची लेक बालवाडीत जायची आणि अंगभर गांधी घेऊन परत यायची. ओठ सुजलेले, छातीत घरघर. सासूबाई पित्त म्हणायच्या, आमसुलाचं पाणी चोळून वर घोंगडी पांघरायच्या. शेजारणी दृष्ट म्हणायच्या. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एखाद्या दिवशी पोरीचा श्वास अडकला तर तो परत यायचा नाही, एवढंच मला कळत होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. ॲलर्जीत वाढतात त्या पेशी वाढल्यात, म्हणाले. पण कशाची ॲलर्जी, ते हे रक्त सांगत नाही. कदाचित जंतही असतील. जंतांचं औषध झालं, गांधी तशाच. पुन्हा रक्त, पुन्हा रांग, पुन्हा तिचं ते रडणं. तिचा बारका दंड धरून ठेवायचंही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

त्या दुसऱ्या खेपेला निघताना सासूबाई म्हणाल्या, "उपाशी पोटी रगात देऊ नगं. भवळ येती की पोरीला." रक्त द्यायचं तर आधी खायचं, हा आमच्याकडचा नियमच. बालवाडीत दुष्काळाची म्हणून वाटत ती सुकडी पोरीनं घरी आणलेली होती, तीच त्यांनी माझ्या पदराला बांधून दिली. रांगेत बसून मी ती तिला भरवली. सुई टोचून झाली, आणि तिथेच बाकावर तिचा चेहरा फुगायला लागला.

डॉक्टरांनी धावत येऊन इंजेक्शन दिलं. श्वास जरा सुरळीत झाल्यावर विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी गाठ सोडून उरलेली सुकडी दाखवली.

"गहू, गूळ, शेंगदाणे घरी खाते?"

"खाते की. चटणीशिवाय तर जेवतच नाही."

"मग सुकडीत उरलं ते सोयाबीन."

हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सुकडी बंद केली, गांधी थांबल्या. सासूबाईंना काही पटलं नाही. "अक्खं गाव त्यावर जगतंय, हिलाच कशी बाधती?" घरात रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी, ती पोरीच्या घशाखाली उतरायची नाही. बालवाडीत बाकीची पोरं खायची आणि ही नुसती बघत बसायची.

एकदा मी भाकरी थापत असताना ती जवळ येऊन बसली. दंड पुढे करून म्हणाली, "आई, आता सुई टोचली तरी मी रडनार न्हाय. मग देशील का सुकडी?"