स्कॅनरच्या कपाळी कुंकू

विलीनीकरण हा शब्द आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जरा जपूनच उच्चारतात. संस्थान विलीन झालं तेव्हा आजोबांची दरबारातली पुरोहितकी गेली. पुढे जीएसटी आला, कंपनीने दौलतगंज आणि इंदरगंज इथली दोन्ही गोदामं मोडून शहराबाहेर एकच मोठं गोदाम काढलं, आणि माझी पाळी आली. दौलतगंजची स्टोअरकीपर मी, इंदरगंजचे भाऊसाहेब, आणि नव्या गोदामात जागा एक. घर माझ्याच पगारावर चालायचं.

दसरा झाला की भोपाळहून साहेब येऊन आमच्यातला एक निवडणार होते. परीक्षा नव्या स्कॅनरची. शिडी न लावता, जमिनीवरूनच, छताला टेकलेल्या रॅकवरचे बारकोड वाचायचे. वाचला गेला की यंत्र टुंग करतं. भाऊसाहेबांचे पूर्वज फौजेत होते आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. पाय फाकवून, एक डोळा मिटून ते असा नेम धरत की साबणाच्या खोक्यांनी हात वर करावेत.

खंडेनवमीला ते म्हणाले, "वहिनी, हे पण शस्त्रच झालं न! पूजा तर करावीच लागेल."

पूजा म्हटल्यावर मला कोण आवरणार? ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट मी यंत्राच्या कपाळाला लावलं. यंत्राला कपाळ नसतं, तिथे काच असते, हे भक्तीच्या भरात दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दसऱ्यापर्यंत यंत्र पूजेतच राहिलं आणि दुसऱ्याच दिवशी साहेब आले. पहिली पाळी भाऊसाहेबांची. नेम धरला, टुंग नाही. गुडघा टेकून पाहिलं, तिरके झाले, श्वास रोखला. यंत्र ढिम्म.

"चलाना आता भी है?" साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेबांची मान खाली गेली आणि तेवढ्यात मला काचेवरचं कुंकू दिसलं. गप्प राहायचं, आपल्या पाळीला पदराने काच पुसायची, की जागा माझी. पण तो ताठ माणूस असा वाकलेला मला बघवेना, आणि तोंड तर माझं जन्माचं आगाऊ.

"सर, काँच पर कुमकुम है। मैंने ही लगाया था।"

काच पुसली. भाऊसाहेबांनी खालपासून छतापर्यंत नुसता टुंगटुंगाट केला. मग मी. नेम तेलाच्या डब्यांवर, टुंग शेजारच्या साबणाचं. साहेबांना हसू आवरेना. जागा भाऊसाहेबांना मिळाली.

खरं बोलल्याचं समाधान म्हणतात ते मला काही झालं नाही. फाटकाशी स्कूटरला किका मारत मी चक्क रडत होते. भाऊसाहेब मागून आले.

"वहिनी, आपण बोलल्याच कशाला? चुप राहिल्या असत्या तर कुर्सी आपली होती."

"माहीत आहे न," मी नाक पुसत म्हटलं, "म्हणून तर रडतेय!"