नेसायची का देण्याघेण्याची?

गिऱ्हाईक गादीवर टेकलं की माझ्या सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नेसायची का देण्याघेण्याची?" पाणीसुद्धा त्यानंतर. देण्याघेण्याची म्हटलं की बारामतीतले बाकीचे दुकानदार खालच्या कप्प्यातला गठ्ठा काढतात. ती साडी एका लग्नात मिळते, दुसऱ्या लग्नात दिली जाते आणि तिची घडी कोणी मोडत नाही, असं सगळे धरून चालतात. माझ्या सासूबाई, गिऱ्हाइकांच्या जैबूनभाभी आणि आमच्या अम्मी, मात्र त्याही साडीचा काठ उलगडायच्या, पितळी वाटीतल्या पाण्यात पांढरा रुमाल बुडवून त्यावर घासायच्या. रुमाल रंगला की "हिचा रंग जानार हाय," असं स्वतःच सांगून साडी बाजूला.

"फिरून फिरून ती शेवटी कुन्या बाईच्याच अंगावर जाती न्हवं?" त्या म्हणायच्या. "आन् ती बाई बदलून मागायला कुठं जानार?"

मी इंदापूरची. मार्केटिंगमध्ये एम.बी.ए. करून या घरात सून म्हणून आले, ती दुकान सुधारायच्या इराद्यानेच. अम्मी चौथी शिकलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कानात सांगितलं, "बोलती ती घेनारी नसती. जी गप बसून पोत बगती, तिच्याकडं तोंड करून साडी उलगड." यावर मी पुस्तकात अख्खं प्रकरण वाचलं होतं. त्यांनी ते दोन वाक्यांत उरकलं, याचा मला खरं तर रागच आला होता.

लग्नसराईत मी दारावर बोर्ड लावला, 'भव्य सवलत, फक्त आज'. सवलत खरी होती, त्यामुळे अम्मींनी पुढचं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बोर्ड काढला नाही. असा बोर्ड कोणीच काढत नाही.

पाचव्या दिवशी कन्हेरीच्या इंदूताई दुकानात आल्या. मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी पहिल्या दिवशीच आमच्याकडे बांधला होता. त्या भांडल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "भाभी, आजच शेवटचा दिवस म्हनून मी वन्संची वाट बगितली न्हाय. बस्ता त्यांच्याबिगर झाला म्हनून त्या लग्नाला येत न्हाईत. आन् तुमचा बोर्ड तर अजून हाय."

ज्यांच्याकडे बस्ता बांधतात त्यांना हे सांगायला नको. नवरीच्या आत्याला न बसवता साड्या निवडणं म्हणजे तिला घरातून वजा करणं.

अम्मी उठल्या आणि त्यांनी स्वतः बोर्ड उतरवला. मला म्हणाल्या, "चप्पल घाल." आम्ही एस.टी.ने वालचंदनगरला गेलो. नवरीची आत्या, शालनताई, तिथं कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पण स्वतः बसल्या नाहीत.

"ताई, इंदूताई थांबनारच हुत्या," अम्मी म्हणाल्या. "आमच्या बोर्डानं त्यास्नी पळवलं. सवलत रोजच हुती. आमी खोटं लिवलं."

"कुनी लिवलं?" शालनताईंनी माझ्याकडे बघत विचारलं.

"आमी," अम्मी परत तेच म्हणाल्या. "बस्ता परत सोडते. तुमी येऊन निवडा."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं, असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी आपण कोणाच्या घरात सून म्हणून आलो आहोत, याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

येताना एस.टी.त मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. रस्त्याची धूळ रुमालानं पुसत अम्मींनी एवढंच विचारलं, "तुज्या पुस्तकात हे न्हाय का?"

"आहे. शेवटच्या प्रकरणात. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सोडून दिलं होतं."

त्या हसल्या. "मग आता वाच."

दोन दिवसांनी कन्हेरीहून सगळ्या साड्या परत आल्या आणि दुकानभर पसरल्या. शालनताईंनी मधोमध बसून प्रत्येक साडी पुन्हा पाहिली. पंचवीसांतल्या तीनच बदलल्या. लग्नात शालनताईच सगळ्यांच्या पुढे होत्या.

मधे बरीच वर्षं गेली. मागच्या वर्षी अम्मी गेल्या. चाळीस दिवस दुकान जेमतेम उघडं होतं. मी वाटी घासून कपाटात ठेवून दिली होती, ती बाहेर काढायचा धीर होत नव्हता. मग एके सकाळी वालचंदनगरहून पंधरा माणसं उतरली. शालनताई नातीचा बस्ता बांधायला आल्या होत्या. गादीवर बसल्या आणि त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"वाटी कुठं हाय?"

मी कपाटातून वाटी काढली, पाणी भरलं. पहिलीच हिरवी साडी नातीला फार आवडली होती, हात तिच्यावरून निघत नव्हता. मी रुमाल घासला. तो हिरवा झाला.

"हिचा रंग जाणार," मी म्हणाले आणि साडी बाजूला ठेवली.

नातीचं तोंड उतरलं. ती आजीच्या कानात म्हणाली, "दुसऱ्या दुकानात बगू या का?"

शालनताईंनी मांडी नीट घातली. "हितंच बस," त्या म्हणाल्या. "ही जैबूनभाभीची सून हाय."