भाऊजींची अफू आणि माझी शपथ

माझे भाऊजी अफू खातात, हे अख्ख्या चौलमध्ये सगळ्यात शेवटी मला कळलं. मी तिथे शाळामास्तर होतो, ताईच्याच घरी राहत होतो आणि रोज भाऊजींच्या शेजारच्या पाटावर बसून जेवत होतो. जेवण झालं की ते चंचीतून मिरीएवढी काळी गोळी काढायचे, गुळाच्या खड्यात दाबून तोंडात टाकायचे. मी समजत होतो, पाठीचं औषध. एका परीनं ते खरंच होतं. मागे नारळाच्या झाडावरून पडले तेव्हा कळा थांबाव्यात म्हणून कुणीतरी अफू दिली होती. पुढे पाठ बरी झाली, गोळी तेवढी राहिली.

"मास्तर, एक तुला देऊ काय? पोरांना शिकवून डोकं दुखत असंल," भाऊजी एकदा म्हणाले होते.

"नको, मला गूळ बाधतो," मी म्हणालो.

ताई पदर तोंडाला लावून का हसली, ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी उमगलं.

त्या काळात सरकारनं अफू परवान्यावर केली होती आणि परवान्यावरचं मापही दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. एकदा भाऊजींची पुडी वेळेआधी संपली. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा. अंथरुणात पाय झाडायला लागले. मी सुंठीचा काढा करायला निघालो.

"सर्दी न्हाय रे ती," ताई म्हणाली, "अफू हाय. न्हाय मिळाली म्हणून चाललंय हे."

मी सुंठ परत डब्यात ठेवली. थोड्याच दिवसांपूर्वी मी शाळेच्या पटांगणात नशेच्या दुष्परिणामांवर घसा फोडून व्याख्यान दिलं होतं. पहिल्या रांगेत भाऊजी होते आणि सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या.

आम्ही त्यांना रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एकदम तोडू नका. गोळी हळूहळू लहान करत नेऊ. आणि रोज घरातलं कुणीतरी यांच्यापाशी बसा. खाल्ली का, म्हणून दरडावू नका. दिवस कसा गेला ते विचारा. कधी पाय घसरला तर यांना ते आपण होऊन सांगता आलं पाहिजे. तेवढं मात्र सांभाळा."

मला हे फारच मिळमिळीत वाटलं. दिवस कसा गेला विचारून अफू सुटते होय! मला तडाखेबंद काहीतरी हवं होतं, आणि परतीच्या वाटेवर ते सुचलंही. आमच्याकडे कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटं बोलणारा माणूस देवीपुढे पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला की खोटं बोलत नाही. मी ठरवून टाकलं: भाऊजींना शपथ घालायची.

ग्रामदेवीच्या देवळात मी माझ्या चार वर्षांच्या भाचीला पुढे उभं केलं. "भाऊजी, हात ठेवा हिच्या डोक्यावर."

"पोरीला कशाला मधी घालतोस, मास्तर?"

"त्याशिवाय सुटायची नाही."

शपथेचा मजकूर मीच रचला होता, चांगला संस्कृतप्रचुर. 'आजन्म' या शब्दाशी भाऊजी अडखळले, तर मी तो त्यांच्याकडून पुन्हा म्हणून घेतला. देवीपुढे माणूस पोरीचा जीव गहाण टाकतोय आणि मी उच्चार सुधारतोय! भाची तेवढ्यात कुरकुरली, "बाबा, हात उचला ना, जड हाय."

पुढचे काही दिवस त्यांचे फार हाल झाले. मग एका सकाळी पाहतो तर गडी ठणठणीत. रहाट चालला होता, वाडीतल्या सुपारीला पाणी लागलं होतं, बैलाशी गप्पा सुरू होत्या. मी शाळेत सगळ्यांना चहा पाजला. त्या ठणठणीत होण्याचं कारण एकाच गोष्टीत असू शकतं, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला नाही कळलं.

मग भाचीला गोवर निघाला. अंग तापानं फणफणत होतं, आणि भाऊजी तिच्या खोलीत पाऊल टाकेनात. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, ती "बाबा" म्हणाली की मागे सरकायचे. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "बाप आहात की कोण? पोर हाका मारतेय!" ते वाडीत निघून गेले.

दुपारी रहाटाचा आवाज बंद झाला. मी सहज पाहायला गेलो. बैल सोडून आंब्याला बांधला होता. त्याच्यापुढे वैरण टाकली होती, पाण्याची बादलीसुद्धा भरून ठेवली होती. आणि भाऊजी विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसले होते.



"मी खाल्ली, मास्तर," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "शपथ मोडली. रोज मोडतोय. आता पोर चालली. मी गेलो तर देवी तिला सोडंल."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, "भाऊजी, गोवर हा संसर्गजन्य रोग आहे. शपथेनं काही होत नसतं. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग घातलीस कशाला?"

 

माझ्यामागे ताई धावत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्यांच्याकडे गेलीच नाही. तिनं माझंच मनगट धरलं. "सुटली म्हण."

"अगं पण ताई..."

"तू घातलीस ना? मग सोडवायची बी तूच. त्यांच्या हातात न्हाय ते. म्हण!"

लहानपणी खेळताना एकानं दुसऱ्याला शपथ घालायची आणि मग घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणून मोकळं करायचं, हे कोकणातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मी विज्ञान शिकवणारा मास्तर भर दुपारी विहिरीकाठी ओरडलो, "सुटली! शपथ सुटली, भाऊजी! पोरीच्या डोक्यावरची सुटली!"

"देवीला बी सांग," भाऊजी म्हणाले.

मी देवळाच्या दिशेला वळून देवीलाही सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी एक पाय बाहेर घेतला. ताईनं पुढे होऊन त्यांचा दंड पकडला आणि मग कितीतरी वेळ सोडलाच नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. "त्यांना तुमच्याशी बोलायला एकच दार होतं," ते म्हणाले, "तुम्ही त्याला पोरीच्या जिवाचं कुलूप घातलंत." एवढं बोलून त्यांनी नव्यानं गोळीचं माप ठरवून दिलं. 

भाचीचा गोवर उतरला. भाऊजी तिच्या उशाशी बसायला लागले. संध्याकाळी ओटीवर मी विचारायचो, "आज दिवस कसा गेला?" पण असा, की जणू तोंडी परीक्षाच घेतोय. ताई मागून चिमटा काढायची. भाऊजी म्हणायचे, "बरा गेला." त्यापुढे काही नाही. मी हात टेकले होते. हे दार आता उघडायचं नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

आणि एक दिवस मी चौथीला अपूर्णांक शिकवत असताना भाऊजी वर्गाच्या दारात उभे. घामानं थबथबलेले, हाताला वाडीतला चिखल.

"मास्तर, मी आत्ता जास्तीची खाल्ली," भर वर्गात ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर लपवली असती."

सगळी पोरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली.  जिभेच्या टोकावर निदान चार उपदेश येऊन उभे राहिले, एकापेक्षा एक सुंदर. मी ते सगळे गिळले.

"बरं केलंत आलात," मी म्हणालो. "बसा. तास संपला की बरोबर घरी जाऊ."

ते मागच्या रांगेत, पोरांच्या शेजारी, मांडी घालून बसले. मी फळ्याकडे वळलो. अपूर्णांक कुठवर आले होते, ते मला काही केल्या आठवेना.